पाच लाखांचे कार्ड आणि बाळंतिणीचे पाच हजार

पाच लाखांपर्यंत उपचार मोफत, अशी जाहिरात एस.टी. स्टँडपासून पंचायत समितीपर्यंत झळकत असते. केंद्राची २०१८ ची आयुष्मान भारत आणि राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांची कार्डे आता वस्तीवस्तीत पोहोचली आहेत. परंतु धुणीभांडी करणारी, बांधकामावर विटा वाहणारी, कोयता घेऊन फडात उतरणारी आपली भगिनी गरोदर राहते, तेव्हा या कार्डातून तिच्या पदरात काय पडते? कार्ड भागवते ते रुग्णालयाचे बिल. तिची बुडते ती मजुरी, आणि त्या मजुरीचा दावा या कार्डावर करता येत नाही.

मजुरी भरून देणारा सरकारी विमा आहे; नाही असे नाही. १९४८ च्या कायद्याने आलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत बाळंतपणासाठी २६ आठवड्यांचा पूर्ण पगार मिळतो. मात्र त्यासाठी आस्थापना नोंदलेली हवी, हजेरीपटावर नाव हवे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली आलेले आणि पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतलेले २६ आठवडेही अशाच नोकरदार बाईसाठी. मोलकरणीला कोणी हजेरीपट दाखवावा?

हा प्रश्न नवा नाही. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेबांनी हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, कारण जनतेचे कल्याण ही सरकारची जबाबदारी आहे, अशी भूमिका मांडली होती. १९२९ साली कायदा झाला, पण पैसे द्यायचे मालकाने. जिला मालकच नाही अशी बाई तेव्हापासून कायद्याच्या बाहेर उभी आहे.

तिला आत घेतले ते २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४ ने. प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपये, असे ते कलम सांगते. वगळले आहे ते फक्त सरकारी नोकरीतील आणि दुसऱ्या कायद्याने असाच लाभ घेणाऱ्या महिलांना. अपत्यसंख्येची अट कलमात नाही. मग २०१७ ला आलेली प्रधानमंत्री मातृवंदना योजना काय देते? पहिल्या अपत्याला पाच हजार. दुसरी मुलगी झाली तर सहा हजार, आणि दुसरा मुलगा झाला तर काहीही नाही! उरलेले हजार जननी सुरक्षा योजनेतून सरासरीने मिळतात, असे सरकार म्हणते. महाराष्ट्रात ही योजना अनुसूचित जाती-जमाती व दारिद्र्यरेषेखालील महिलांपुरती. रक्कम ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६००. आता बेरीज करा. ५,७०० किंवा ५,६००. सरासरीने बाळंतिणीचे पोट भरत नाही. ‘योजनेच्या अधीन राहून’ हे शब्द कलमात आहेत, त्यावर सरकारी वकील बोट ठेवतील. परंतु योजनेने हप्ते ठरवावेत. संसदेने दिलेला हक्क कापण्याचा अधिकार योजनेला कोणी दिला? तामिळनाडू पहिल्या दोन बाळंतपणांना रोख व पोषण-संच मिळून १८ हजार देते. म्हणजे इच्छा असली की तिजोरी सापडते.

रुग्णालयाच्या खर्चापुरते बोलायचे तर २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याचे वाहन मोफत आहे. त्यासाठी कोणतेच विमा कार्ड लागत नाही. तरीही ‘औषध बाहेरून आणा’ ही चिठ्ठी आपल्या माणसाच्या हातात पडते आणि तो निमूटपणे मेडिकल गाठतो.

लक्ष्मी मंडल प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली मातेचे आरोग्य हा कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग मानला, आणि दुसऱ्या राज्यातून आलेल्या गरीब बाईला कागदासाठी परत पाठवता येणार नाही, असे सांगितले. ऊसतोडीला कर्नाटकात जाणाऱ्या आपल्या भगिनींसाठी हा निकाल मोलाचा आहे.

कार्यकर्त्यांनी तोंडी नकार घेऊ नये. नकार लेखी मागावा, अर्जाची पोच घ्यावी. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम १५ खाली जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि कलम १६ खाली राज्य अन्न आयोग आहे. तेथे रेशनच्या तक्रारी करता येतात हे सर्वांना ठाऊक आहे; कलम ४ च्या सहा हजारांची तक्रारही तेथेच करता येते.