मांजरीच्या जटा आणि घरातली कात्री

अलीकडे आपल्या काही घरांत लांब केसांची पर्शियन मांजरे आली आहेत. गावठी मांजरीप्रमाणे तीही आपली आपण स्वच्छ राहतील, असा समज दिसतो. आम्हांला तो चुकीचा वाटतो. नुसत्या चाटण्याने त्यांचे केस सुटे राहत नाहीत. कानांमागे, काखेत, पोटाखाली जटा होतात. जट कातडी ओढते, चालताना दुखते, खाली जखम होते.

गेल्या पावसाळ्यात एका घरी आम्ही पाहिले, जट कापता कापता पोटच कापले गेले होते. मांजरीची कातडी पातळ असते. जटेबरोबर ती वर ओढली जाते. म्हणून कात्री नको. आंघोळही नको, पाण्याने जट आवळते. रॉकेल, फिनेल तर मुळीच लावू नये. चाटताना ते पोटात जाते. लहान जट मुळाशी धरून, थोडे कॉर्नफ्लॉवर चोळून, टोकाकडून हळूहळू विंचरावी. मोठी जट गुरांच्या डॉक्टरांकडून मशीनने काढून घ्यावी. म्हातारी मांजर अंग चाटेनाशी झाली, तर दात किंवा सांधे दुखत असतील, तेही दाखवावे.

रोज पाच मिनिटे आणि रुंद दातांची फणी एवढेच लागते. तेवढेही जमणार नसेल, तर बंधुभगिनींनो, गावठी मांजरच पाळावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.