पेटंट संपले, पण चिठ्ठी कोण लिहिणार?

२० मार्च ही तारीख आपल्या चळवळीत कुणाला समजावून सांगावी लागत नाही. १९२७ साली याच दिवशी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याआधीचा तपशील मात्र भाषणांत बऱ्याचदा सुटतो. रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ सालीच मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. कागदावर तळे खुले होते, तरी अस्पृश्याच्या ओंजळीत पाणी नव्हते. ते मिळवायला सत्याग्रह करावा लागला.

२०२६ सालच्या २० मार्चला आणखी एक गोष्ट कागदावर खुली झाली. सेमाग्लुटाइड या औषधाचे भारतातले पेटंट त्या दिवशी संपले. ओझेम्पिक आणि वेगोव्ही या नावांनी विकले जाणारे, मधुमेह आणि लठ्ठपणावरचे हे आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन. आता देशी कंपन्यांनाही ते बनवून विकता येईल. किंमत उतरेल, हे खरे. पण चौसाळ्याच्या वस्तीतल्या माणसापर्यंत ते पोचेल का? माझे म्हणणे असे की, डॉक्टरच्या चिठ्ठीचा प्रश्न सुटल्याशिवाय पोचणार नाही. म्हणून हा प्रश्न आंबेडकरी चळवळीने आपल्या अजेंड्यावर घेतला पाहिजे.

काही मित्र विचारतील, "हे तर श्रीमंतांचे बारीक होण्याचे इंजेक्शन. आपला काय संबंध?" संबंध आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड आणि याच गटातली आणखी दोन औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. कुणासाठी? ज्यांना टाइप-२ मधुमेह आहे, सोबत हृदयाचा किंवा किडनीचा आजार आहे आणि वजनही जास्त आहे, अशा प्रौढांसाठी. म्हणजे हे औषध सगळ्यांना लागत नाही, पण ज्याला लागते त्याच्यासाठी ती चैन नाही. चैन म्हणून विकत घेणाऱ्याला ते आधी मिळते आणि गरज असणाऱ्याला नंतर, किंवा मिळतच नाही, ही खरी तक्रार आहे.

दुसरा आक्षेप जास्त खोल रुजलेला आहे. "गरिबाला कसली साखर? जास्त खातात, आळशी असतात म्हणून होते." आजाराचा दोष आजाऱ्याच्याच माथी मारण्याची ही सवय जुनी आहे. पूर्वी त्याला पूर्वजन्मीचे कर्म म्हणत, आता 'लाइफस्टाइल' म्हणतात. कारणाशिवाय काही घडत नाही, हे बुद्धाने शिकवले. मग कारण शोधू.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर तेच शोधले. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांच्या पथकाने गरोदर बाया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. आईला पोटभर सकस अन्न नसेल तर बाळ कमी वजनाचे जन्मते, पण त्या बारीक अंगातही चरबीचे प्रमाण जास्त असते आणि पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. २००४ साली त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ.

याचा अर्थ आपल्या भाषेत असा की, आजीने दुष्काळात काढलेली उपासमार नातवाच्या रक्तातल्या साखरेत उतरू शकते. ज्या समाजांना पिढ्यान् पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले, जमीन आणि पाणी नाकारले, त्यांच्या शरीरावर ही उपासमार जास्त लिहिलेली असणार. आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक उंबरठ्यावर आहेत. त्यांना 'खाऊन माजलेले' म्हणणे म्हणजे अन्याय करून वर शिवी देणे.

कुणी कोसलच्या पसेनदी राजाची गोष्ट सांगेल. राजा अतोनात जेवायचा, तथागतांनी त्याला मात्रेत जेवायला सांगितले आणि त्याचे शरीर हलके झाले. उपदेश योग्यच आहे. पण राजाच्या ताटात निवड होती. रेशनवर माणशी ५ किलो गहू-तांदूळ मिळतात. डाळ, अंडी, भाजी, फळे स्वतःच्या खिशातून आणायची असतात. फडावरच्या कोपीत पहाटे उठून भाकरी थापणाऱ्या बाईला 'डाएट'वर व्याख्यान देण्याआधी तिच्या ताटात काय आहे ते पाहावे.

आता चिठ्ठीकडे येऊ. औषध नियंत्रकांनी या औषधांना परवानगी देताना अट घातली की, ती एंडोक्रायनॉलॉजिस्ट किंवा इंटर्नल मेडिसिनच्या तज्ज्ञाच्या, आणि काही कारणांसाठी हृदयरोगतज्ज्ञाच्या चिठ्ठीवरच विकावीत. अटीमागचे कारण खोटे नाही. मळमळ, उलट्या, पित्ताशयातले खडे, क्वचित स्वादुपिंडाला सूज असे त्रास या औषधाने होतात. गरोदर बाईला ते चालत नाही. घरात कुणाला विशिष्ट प्रकारचा थायरॉइड कॅन्सर झाला असेल तरी चालत नाही. डोस हळूहळू वाढवावा लागतो. जिमवाल्याकडून किंवा मोबाइलवर मागवून टोचून घेण्याची ही वस्तू नाही, हे आपल्या पोरांनी पक्के ध्यानात ठेवावे.

पण ही अट गावाच्या नकाशावर ठेवून पाहा. चौसाळ्यासारख्या गावात सरकारी असो की खासगी, डॉक्टर बहुधा एमबीबीएस नाहीतर बीएएमएस असतो. तज्ज्ञ गाठायचा तर सोलापूर-धुळे महामार्गाने बीड, नाहीतर अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय, नाहीतर थेट संभाजीनगरची घाटी. एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली, गाडीभाडे गेले, सोबत येणाऱ्याचीही मजुरी गेली. आणि अशी खेप दर एक-दोन महिन्यांनी.

मग पैशाचा हिशेब. मौंजारो, म्हणजे टिर्झेपटाइड, मार्च २०२५ मध्ये बाजारात आले तेव्हा सर्वांत लहान डोसची एक कुपी ३,५०० रुपयांना होती. महिन्याला चार, म्हणजे १४,००० रुपये. जानेवारी २०२४ च्या वाढीनंतर ऊसतोडणीचा दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. नवरा-बायकोच्या एका कोयत्याने ३८ टन ऊस तोडला तर एकाचे एका महिन्याचे औषध येते. औषध थांबवले की गेलेले वजन बऱ्याच अंशी परत येते, हेही अभ्यासांतून दिसले आहे. म्हणजे खर्च एका महिन्याचा नाही. शिवाय न उघडलेले पेन फ्रीजमध्ये ठेवावे लागते. कोपीत फ्रीज कुठला? आणि सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असलेल्या रुग्णाला पुढची चिठ्ठी कोण देणार?

याच बीड जिल्ह्याने दुसरी बाजूही पाहिली आहे. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा सरकारी पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. जिथे बिल निघते तिथे चिठ्ठी चटकन लिहिली जाते. जिथे वर्षानुवर्षे सांभाळायचा आजार असतो तिथे 'बाहेरून आणा' म्हणतात. साखर वाढताना जात विचारत नाही. उपचाराच्या रांगेत मात्र जात, पैसा आणि गाव तिन्ही मोजले जातात. या रांगेत आपल्यासोबत वंजारी, बंजारा, मराठा समाजातला गरीबही उभा आहे. बीडच्या आजच्या वातावरणात हे मुद्दाम सांगायला हवे.

बाबासाहेब स्वतः मधुमेहाचे रुग्ण होते, त्यासाठी त्यांना इन्सुलिन घ्यावे लागे. माईसाहेब डॉक्टर होत्या, त्यांनी त्यांचे पथ्यपाणी सांभाळले. पण स्वतःच्या घरी डॉक्टर असणे हा उपाय बाबासाहेबांनी समाजासाठी सांगितला नाही. १९४२ ते १९४६ या काळात मजूर खात्याचे सदस्य असताना त्यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याच्या कामाला गती दिली, आणि त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. कामगाराचा उपचार ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हा त्यामागचा विचार. ऊसतोड कामगार मात्र त्या कायद्याबाहेरच राहिला.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या हव्यात :

१. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, इन्सुलिन ग्लार्जिन आहेत, हा गट नाही. सेमाग्लुटाइडचा त्यात समावेश करा, म्हणजे किमतीवर कमाल मर्यादा येईल.

२. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. तिथे हे औषध गरजू रुग्णांना त्याच नियमाने द्या.

३. तज्ज्ञाची अट ठेवा, पण तज्ज्ञाला गावात आणा. ई-संजीवनीवरून तज्ज्ञाने रुग्ण पाहावा आणि गावच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने पुढचा डोस सांभाळावा, अशी लेखी पद्धत करा.

४. महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः दाखल रुग्णासाठी आहे. मधुमेहाच्या रोजच्या औषधांचा आणि तपासण्यांचा त्यात समावेश करा.

५. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने फडावर जाण्याआधी साखर-बीपी तपासणी, आणि कारखान्याच्या परिसरात औषध व फ्रीजची सोय करावी.

सरकार करेल तेव्हा करेल. तोवर आपल्याला करण्यासारखे पुष्कळ आहे. पुढच्या पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर एक टेप घेऊन बसा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० च्या वर असेल, तर वजन कमी दिसले तरी त्यांना तपासणीला पाठवा. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची साखर सरकारी कार्यक्रमात मोफत तपासली जाते, आशाताईंना सोबत घ्या. मेटफॉर्मिन, इन्सुलिन नियमित मिळते का, याची वही ठेवा. 'बाहेरून आणा' असे सांगितले तर तारीख आणि औषधाचे नाव लिहा. अशा शंभर नोंदी हातात असतील, तर जिल्हा शल्यचिकित्सकांसमोर आपले बोलणे भाषण राहणार नाही, पुरावा होईल.

आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने धुऊन काढणाऱ्या तथागतांचे आपण अनुयायी. वस्तीतल्या मावशींच्या पायाची जखम चिघळून पाय कापायची वेळ येईपर्यंत आपण जयंतीच्या वर्गणीतच गुंतून राहणार का, याचे उत्तर प्रत्येक शाखेने द्यावे.

जय भीम!