मस्टरबाहेरच्या बायकांचं गिरणगाव

मुंबई बघायला आलेल्या पाहुण्यांना आपण काय दाखवतो? गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीतला १८९३ पासूनचा सार्वजनिक गणपती, दादरची चैत्यभूमी, शिवाजी पार्क, लालबागचा राजा, आणि परळच्या काचेच्या टॉवरांमध्ये उरलेलं एखादं गिरणीचं धुराडं. धुराडं दाखवताना आपण सांगतो, "इथे आमचा कामगार घाम गाळायचा." हा कामगार सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्याही डोळ्यांपुढे पुरुषच असतो. त्याच भोंग्यावर उठून त्याच गेटातून आत जाणारी बाई या चित्रात नसते. त्याचा डबा भरणारी बाई तर नसतेच नसते.

बाईचाही एक पुतळा उभारा, एवढंच मागायचं असतं तर मी लिहायला बसले नसते. या विसरण्याची किंमत बायका आज घर गमावून मोजत आहेत, म्हणून लिहिते आहे.

गिरण्यांच्या जागेवरच्या घरांसाठी पात्र कोण? १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर बंद गिरणीच्या मस्टरवर नाव असलेला कामगार, नाहीतर त्याचा वारस. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, त्यातल्या कितीतरी जणांच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या, म्हणून ही तारीख. वरवर पाहता ती रास्त वाटते. पण ज्यांना त्या तारखेआधीच गाजावाजा न करता बाहेर काढलं गेलं, त्यांचं काय? आणि त्यांत बायका किती होत्या?

१९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. रिळिंग आणि वाइंडिंग ही त्यांची खाती, देखरेखीला नायकीण. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला. मालकांनी सरळ हिशेब केला : भत्ता देण्यापेक्षा बाईच नको. मग जलद यंत्रं आली आणि बायकांच्याच खात्यांतली माणसं कमी झाली. रात्रपाळीची बंदी आधीपासून होतीच, १९४८ च्या कारखाना कायद्याने ती कायम ठेवली, आणि तिन्ही पाळ्यांत चालणाऱ्या यंत्रावर पुरुष बसला. बाळंतपणात आधार हवाच होता, तो लढून मिळवलेला हक्क होता. पण त्याचा खर्च मालकांनी बाईच्याच नोकरीतून वसूल केला. १९८२ चा संप येईपर्यंत शंभर कामगारांत मोजक्याच बायका उरल्या होत्या. म्हणजे आधी बाईला मस्टरवरून काढायचं, आणि नंतर मस्टर दाखवून म्हणायचं, "बाई, तुमचं नाव कुठे आहे?"

याचा दोष एकट्या मालकांच्या माथी मारून चालणार नाही. पार्वतीबाई भोर, उषाताई डांगे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गिरणीतल्या बायकांना संघटित केलं. फेब्रुवारी १९४६ मध्ये नाविकांच्या बंडाला पाठिंबा देताना कमल दोंदे परळमध्ये गोळी लागून गेल्या. लढ्यात बाई पुढे चालत होती. पण वाटाघाटींच्या टेबलावर "कुटुंबाचा पोशिंदा" म्हणजे पुरुष, हे मालकांइतकंच आपल्या पुढाऱ्यांनीही गृहीत धरलं. बाईचा पगार म्हणजे वरखर्चाचे पैसे! ज्या घरात नवरा दारूत बुडाला होता, ज्या घरात नवराच नव्हता, त्या घरातला पोशिंदा कोण होता, हे कुणी विचारलं नाही.

आता गिरणीच्या गेटाबाहेर या. गावाकडे बायकापोरं ठेवून आलेला कोकणातला, घाटावरचा कामगार गाळ्यात दाटीवाटीने राहायचा आणि खानावळीत जेवायचा. ही खानावळ म्हणजे चाळीतल्या एका बाईची दहा बाय बाराची खोली. पाळ्या तीन, म्हणून तिच्या चुलीच्याही पाळ्या तीन. संप झाला की कामगाराचा पगार बंद व्हायचा, तिचं रांधणं मात्र उधारीवर चालूच. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना जमवून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तेव्हा सावकाराकडे दागिने गहाण टाकणाऱ्या बायका पहिल्यांदा राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात कर्ज मागायला गेल्या. त्याआधी १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभी राहिली. या दोन्ही ठिकाणी बाईचं नाव वहीत लागलं, म्हणून तिचं काम काम ठरलं. जिचं नाव वहीत लागलं नाही, ती "घरीच असते" राहिली.

लालबागच्या राजाचीच गोष्ट घ्या. १९३२ मध्ये पेरू चाळीतला बाजार बंद झाला. उघड्यावर बसून धंदा करणाऱ्या कोळ्यांनी आणि विक्रेत्यांनी बाजारासाठी कायमची जागा मिळावी म्हणून नवस केला, आणि १९३४ पासून हा गणपती बसू लागला. मुंबईत मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजारात बसते कोण? बाई. म्हणजे ज्या देवासमोर आज तासन् तास रांगा लागतात, त्याचा पहिला नवस होता बाजारातल्या बसायच्या जागेसाठी! आणि ऑगस्ट २०२१ मध्ये दादरचा मासळी बाजार पाडला तेव्हा विक्रेत्यांना ऐरोलीची वाट दाखवली गेली. नवसाची गोष्ट दरवर्षी भक्तिभावाने सांगितली जाते. कोळणीच्या जागेचा विषय निघाला की सगळे गप्प.

परळ-लालबागच्या चाळींत काम करताना मला भेटलेल्या एक आजी वाइंडिंग खात्यात चौदा वर्षं होत्या. संपाच्या काही वर्षं आधी त्यांना घरी बसवलं. घराचा अर्ज घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो. टेबलामागच्या साहेबांनी तारीख बघून कागद परत सरकवला. आजी एवढंच म्हणाल्या, "मस्टरवर नाव न्हाई, म्हंजी चौदा वर्सं मी हवेत सूत गुंडाळलं का?"

ज्या घरात घर लागतं, तिथे दुसरा खेळ सुरू होतो. वारसांत आईचं, बहिणींचं नाव असतं. भाऊ म्हणतो, "ताई, तुझं लग्नात केलं ना सगळं? सही कर हक्कसोडावर." माहेर तुटेल या भीतीने ताई सही करते. महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये हिंदू वारसा कायदा बदलून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला. पण कायद्याने दिलेलं घरच्या ओट्यावर काढून घेतलं जातं. चाळींच्या पुनर्विकासातही तेच. भाडेपावती पुरुषाच्या नावाची, म्हणून करारावर सही त्याची. बैठकीत बायका चहा देण्यापुरत्या.

काही कार्यकर्ते म्हणतात, "पावणेदोन लाखांच्या घरात अर्ज आहेत. घरं त्या मानाने फार थोडी. त्यात आणखी वाटेकरी आणून लढा का कमकुवत करता?" त्यांना विचारते, घरं थोडी का पडली? सुमारे सहाशे एकर जमिनीतला कामगारांचा आणि शहराचा वाटा १९९१ च्या नियमात एकेक तृतीयांश होता. २००१ च्या बदलाने तो फक्त मोकळ्या जागेपुरता आक्रसला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. घरं बायकांनी खाल्लेली नाहीत, मॉलनी खाल्ली. २०२४ पासून कामगारांपुढे शेलू-वांगणीची घरं ठेवली गेली, तेव्हा पुरुष कामगारही म्हणाले, "ज्या मुंबईसाठी राबलो, तिथेच घर द्या." अगदी बरोबर. हाच न्याय दादरला पोळीभाजी करणाऱ्या, परळच्या इस्पितळात आयाचं काम करणाऱ्या बाईला लावा. बदलापूरच्याही पलीकडून पहाटेच्या लोकलने यायचं, आणि घरी पोहोचून पुन्हा स्वयंपाक?

मैत्रिणींनो, आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. १९८२ आधी कपातीत काढलेल्या स्त्री कामगारांची वेगळी नोंद करून त्यांना पात्र धरा. मस्टर नसेल तर भविष्यनिर्वाह निधीची पावती, युनियनचं कार्ड, बरोबरच्या कामगारांची साक्ष पुरावा माना. घराच्या आणि पुनर्विकासाच्या प्रत्येक करारावर नवरा-बायको दोघांची नावं घाला. हक्कसोडावर सही घेण्याआधी त्या बाईशी एकटीशी बोलणं बंधनकारक करा. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या आवारात महापालिकेने हाती घेतलेल्या वस्त्रोद्योग संग्रहालयात मागाशेजारी खानावळीची चूलही मांडा.

आणि सरकारची वाट न बघता एक काम आपण उद्यापासून करू शकतो. नायकिणी, वाइंडिंगवाल्या, खानावळवाल्या आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. प्रत्येक गटाने आपल्या चाळीतल्या अशा बायकांची यादी करावी : नाव, गिरणी, खातं, किती वर्षं, कधी काढलं, कागद कोणते. वही साधी दोनशे पानी चालेल. गिरण्यांनी त्यांना मस्टरवर ठेवलं नाही. ते मस्टर आता आपणच लिहायचं, आणि तेच घेऊन मंत्रालयावर जायचं.