सहल कुठे, हे शेतकरी मित्राला विचारा

गेली चार वर्षं आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा फोटो एकच होता. समुद्रावर लटकलेला कडा, त्याला चिकटलेली गुलाबी-पिवळी घरं आणि खाली इवलीशी बोट. इटलीतलं वेर्नात्सा. लिगुरियाच्या किनाऱ्यावर कड्यांच्या अंगाखांद्यावर जी पाच गावं आहेत (चिंक्वे तेर्रे म्हणजे ‘पाच भूमी’), त्यातलं हे एक. १९९७ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. प्लॅन साधा होता. चाकूरला दहावीपर्यंत एका वर्गात असलेले आम्ही पाच जण, एक आठवडा, एक घर भाड्यानं, बायका-पोरं नाहीत, लॅपटॉप नाही.

पाच जण म्हणजे पुण्यात आयटीवाले दोघं, हैदराबादला बँकेत एक, जिल्हा परिषदेच्या शाळेत एक मास्तर आणि गावातच सहा एकर कोरडवाहू करणारा एक. आमच्यापैकी कुणीही समुद्र पाहिल्याशिवाय पंधरा-सोळा वर्षांचा झाला होता. मराठवाड्यात लहानपणी समुद्र भूगोलाच्या पुस्तकातच असतो!

तर प्लॅन अडला कुठे? तिकिटावर नाही. व्हिसाच्या फॉर्मवर. मी अगदी उत्साहात शेंगेनची कागदपत्रं ग्रुपवर टाकली. सॅलरी स्लिप, बँक स्टेटमेंट, आयटीआर, मालकाचं रजेचं पत्र, वर ९० युरो फी. दोन तास शांतता. मग आमच्या शेतकऱ्याचा मेसेज आला, "माझं स्टेटमेंट बघून ते इटलीवाले रडतेल. आन् रजेचं पत्र कोन देनार, बैल?"

सगळे हसले. मीही हसलो. आणि मग माझ्या हातून तो मूर्खपणा झाला. मी त्याच ग्रुपवर, सगळ्यांसमोर लिहिलं, ‘पैशांचं टेन्शन घेऊ नकोस, तुझं आम्ही चौघं बघतो.’

त्यानंतर पंधरा दिवस तो ग्रुपवर काहीच बोलला नाही. शेवटी मीच फोन केला. म्हणाला, "आरं, पैसे द्यायला तू काय माझा सासरा हैस का? तुम्ही जावा की. मी फोटो बघतो."

‘मी फोटो बघतो’ हे वाक्य मला आजही टोचतं.

आपण (म्हणजे तुम्ही-आम्ही, महिन्याच्या शेवटी खात्यात नक्की पगार येणारे लोक) मित्रांच्या सहलीचा विचार एका ठरावीक पद्धतीनं करतो. आधी जागा ठरवायची, मग बजेट, आणि मग ज्याला जमत नाही त्याला ‘ॲडजस्ट’ करायचं. माझं म्हणणं आहे की हा क्रमच उलटा आहे. आमच्या धंद्यात आम्ही रोज बघतो की सिस्टिमचा वेग तिच्या सगळ्यात हळू भागावर ठरतो. बाकीचे भाग कितीही फास्ट केले तरी उपयोग नसतो. मित्रांच्या टोळीचंही तसंच. ज्याचा खिसा सगळ्यात लहान आणि ज्याची रजा सगळ्यात अवघड, त्यानं जागा आणि तारीख ठरवावी. बाकीच्यांनी गप यावं.

आम्ही शेवटी तेच केलं. त्यानं सांगितलं, सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला आणि तूर कापणीला यायच्या आधी, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी आठ दिवस मिळतील. जागाही त्यानंच निवडली. हरिहरेश्वर. मास्तर आणि तो लातूरहून रेल्वेनं पुण्याला आले, येताना ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. तिथून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा. वाडीतल्या एका घरात दोन खोल्या, जेवणासकट. पाच समान भाग. एकही रुपया कुणी कुणाचा ‘बघितला’ नाही.

आता ‘कोकण विरुद्ध इटली’ असला सामना मला लावायचा नाही. तो फालतू असतो. पण एका जागी आठवडाभर राहिल्यावर जे दिसतं ते शनिवार-रविवारवाल्यांना दिसत नाही, एवढं सांगतो. हरिहरेश्वरला देवळामागून पायऱ्या उतरून कड्याच्या खालून प्रदक्षिणेची वाट जाते. ती फक्त ओहोटीत मोकळी असते. भरतीत तिथे माणसं वाहून गेलेली आहेत. मग कळणार कसं? घरमालक काकांनी हिशोब शिकवला. तिथीला तीननं गुणा, चारनं भागा, आली भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्याच्या सहा तास आधी-नंतर ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा एकपासून मोजायचं. एका ओळीचा प्रोग्राम! (हा ढोबळ अंदाज आहे. उतरण्याआधी गावात विचाराच.) रोज पाऊण-एक तास पुढे सरकणारी ती ओहोटी आम्ही आठवडाभर पाळली. दोन दिवसांत हे लक्षातही आलं नसतं.

खाली कड्याला लाटांनी मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत. शेतकऱ्यानं त्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "हे तर आपल्या विहिरीतलंच काळं दगड हाय." बरोबर होतं त्याचं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा तोच बेसाल्ट, चाकूरच्या विहिरीतही आणि इथेही.

तिसऱ्या दिवसापासून तो आमच्यात कमी आणि काकांच्या वाडीत जास्त दिसू लागला. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात काकांच्या सुपाऱ्या आडव्या झाल्या होत्या. नवी लावली तर हातात काही यायला पाच-सात वर्षं. पंचनामा, नुकसानभरपाई, विमा... दोघांची भाषा वेगळी, गाऱ्हाणं एकच. आमच्या आयटीच्या गप्पांत जो गेली दहा वर्षं नुसता हुंकार द्यायचा, तो तिथे तासभर बोलत होता आणि आम्ही ऐकत होतो.

एका संध्याकाळी सावित्रीच्या मुखाशी बसलो होतो. समोर बाणकोट. महाबळेश्वरला उगम पावलेली नदी गपचूप समुद्रात चाललेली. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आपल्याकडं रेल्वेनं पानी आलतं." एप्रिल २०१६, मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची गाडी. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. पुढे कुणीच काही बोललं नाही.

मी त्याला मोबाईलवर वेर्नात्साचा तो जुना फोटो पुन्हा दाखवला. त्यानं घरं बघितलीच नाहीत. झूम करून विचारलं, "वरचे हे बांध कुनी घातले रं?" चार वर्षं तो फोटो ग्रुपवर होता, मला ते बांध कधी दिसले नव्हते. द्राक्षांसाठी शेतकऱ्यांनी शेकडो वर्षं रचलेल्या दगडी भिंती आहेत त्या, चुना-सिमेंटशिवाय. शेती सोडून लोक गेले की त्या ढासळतात आणि डोंगर खाली येतो. २५ ऑक्टोबर २०११ च्या पावसात वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो चिखलानं भरली होती, माणसंही गेली.

"म्हंजे तिथंबी तेच," तो म्हणाला.

कुणी म्हणेल, म्हणजे आम्ही आमची स्वप्नं सोडायची का? अजिबात नाही. इटलीला खुशाल जा. बायकोबरोबर जा, ऑफिसच्या मित्रांबरोबर जा, एकटे जा. मीही जाईन कधीतरी. फक्त त्याला ‘आपल्या गँगची ट्रिप’ म्हणू नका, जर गँगमधला एक जण गावात बसून फोटो बघणार असेल तर.

असो. ग्रुपचा फोटो आता बदललाय. कड्याच्या कपारीत उभे पाच जण, फोटो हललेला, मास्तरांचे डोळे मिटलेले. पुढच्या वर्षीची तारीख विचारली तर उत्तर आलं, "पाऊस बघून सांगतो."

आम्ही चौघांनी रजा अजून टाकलेली नाही. वाट बघतोय :)