कच्च्या फितींची बाजू

(द्वितीय वर्ष, कला)

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण आपल्या वक्तृत्व स्पर्धेत दर वर्षी किमान तीनदा तरी ऐकू येते. पण देव घडल्यावर त्या घावांचे पुढे काय होते, हे मात्र कोणी विचारीत नाही. ते घासून गुळगुळीत करतात. नमस्कार गुळगुळीत मूर्तीला होतो आणि घाव विस्मरणात जातात. कलेच्या बाबतीतही आपली रीत हीच आहे. छापून आलेली कविता, रंगलेली मैफल, बक्षीस मिळालेली एकांकिका, एवढेच आपण पाहतो. त्याआधीचे खोडलेले, फाडलेले, फसलेले सारे आपल्या लेखी जणू नसतेच.

जगात काही रसिक मात्र असे आहेत की ज्यांना नेमके ते घावच पाहायचे असतात. प्रस्तुत लेखात मी त्यांची बाजू मांडणार आहे. उदाहरण दूरचे, इंग्लंडमधले आहे. परंतु प्रश्न आपल्या पायाशी आलेला आहे, असे माझे मत आहे.

सिंथेसायझर हे वाद्य आज आपल्याला नवे नाही. गावच्या वरातीतल्या बँडमध्येही त्याचा धाकटा भाऊ वाजतो. तार, कातडे किंवा हवेचा भाता यांच्या मदतीवाचून, केवळ विजेच्या आंदोलनांतून स्वर निर्माण करणारे हे यंत्र. त्यावर आधारलेल्या सुगम गाण्यांचा एक प्रवाह सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये सुरू झाला. त्याला सिंथ-पॉप म्हणतात. या प्रवाहातले एक मोठे नाव म्हणजे शेफील्ड शहरातला 'द ह्यूमन लीग' हा वाद्यवृंद. त्यांचा 'डेअर' हा संग्रह १९८१ साली निघाला आणि त्यातले एक गाणे त्याच वर्षीच्या नाताळात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होते. पण तोवर हा वृंद स्थापन करणारे दोघे त्यातून बाहेर पडलेले होते. मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श ही त्यांची नावे. १९८० साली फूट पडली. नाव गायक फिलिप ओकीकडे राहिले आणि या दोघांनी 'हेवन सेव्हन्टीन' नावाचा दुसरा वृंद काढला.

मला सांगायचे आहे ते या दोघांच्या त्याही आधीच्या कामाविषयी. शेफील्ड हे पोलादाचे शहर. वेअर त्याच शहरातल्या कामगार घरातला. तो आणि मार्श दोघेही संगणक चालविण्याची नोकरी करीत. संगीताचे रीतसर शिक्षण कोणीच घेतलेले नव्हते. नगरपालिकेच्या मदतीने चालणाऱ्या 'मीटव्हिसल' नावाच्या एका युवक कलाकेंद्रात या मुलांच्या ओळखी झाल्या होत्या. इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या किमती थोड्या उतरल्यावर दोघांनी मिळून कॉर्ग कंपनीचे '७०० एस' हे वाद्य घेतले आणि ते घरच्या घरी शिकले. पुढे रोलंड कंपनीचे 'सिस्टिम १००' आले. १९७७ साली एडी न्यूटन याला बरोबर घेऊन त्यांनी 'द फ्यूचर' नावाचा वृंद काढला. 'द फ्यूचर'ची एकही ध्वनिमुद्रिका त्या काळात निघाली नाही. लंडनच्या कंपन्यांना त्यांच्या फितींत विकण्याजोगे काही दिसले नाही. न्यूटन गेला. त्यानंतर शेफील्डच्याच एका रुग्णालयात पोर्टरचे काम करणारा ओकी गायक म्हणून आला आणि 'ह्यूमन लीग' उभी राहिली.

नाकारलेल्या त्या फिती मात्र नष्ट झाल्या नाहीत. २००२ साली, म्हणजे पंचवीस वर्षांनी, 'द फ्यूचर' आणि अगदी सुरुवातीच्या 'ह्यूमन लीग'चे हे मुद्रण 'द गोल्डन अवर ऑफ द फ्यूचर' या नावाने तबकडीवर प्रसिद्ध झाले. त्या वृंदाचे चाहते हा संग्रह मोठ्या जिव्हाळ्याने ऐकतात. आता प्रश्न असा की, हे प्रेम डोळस आहे की आंधळे?

हा संग्रह मी वसतिगृहाच्या खोलीत, मोबाइलवर, अनेकदा ऐकला. प्रामाणिकपणे सांगायचे तर त्यातले सगळेच गोड नाही. काही तुकड्यांना गाणे म्हणावे असे रूपच नाही. नुसता नाद फिरत राहतो. पण दोन-चारदा ऐकल्यावर कान दुसऱ्याच गोष्टी टिपू लागतो. कॉर्गच्या त्या वाद्यातून एका वेळी एकच स्वर निघतो. आपल्या बाजाच्या पेटीवर चार बोटे ठेवली की चार स्वर वाजतात, तशी सोय त्यात नाही. दुसरा स्वर हवा असेल तर पहिला फितीवर घ्यायचा आणि मग त्यावर दुसरा चढवायचा. असा प्रत्येक थर चढताना फितीची खरखरही वाढत जाते. तबला नाही, ढोल नाही. ठोका हवा तर यंत्रातल्या सूंकाराचाच तुकडा तोडून त्याचा ठोका बनवायचा. परिणामी या मुलांना प्रत्येक स्वर घेण्यापूर्वी त्याची गरज आहे काय, असा विचार करावा लागला. हा विचार त्या मुद्रणात ऐकू येतो. पुढच्या सफाईदार संग्रहांत तो ऐकू येत नाही, कारण तेथे तो झाकला गेला आहे. चाहते प्रेम करतात ते या ऐकू येणाऱ्या विचारावर, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट धिटाईची. त्या संग्रहातल्या एका गाण्याच्या आरंभी ओकी चक्क बोलतो. नाचाच्या संगीताला हलके समजणाऱ्या शहाण्यांना तो चार शब्द सुनावतो आणि आम्ही तुमच्यापेक्षा हुशार आहोत, हेही सांगून टाकतो. तेव्हा त्यांची एकही तबकडी बाजारात नव्हती! विशी-एकविशीतल्या मुलांचा हा ताठा कोणा निर्मात्याच्या हाताखाली तयार झालेल्या मुद्रणात टिकला असता काय? मला शंका आहे.

याच काळातले 'बीइंग बॉइल्ड' हे गाणे तर बोलके उदाहरण आहे. शेफील्डमधल्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेत, साध्या घरगुती टेपरेकॉर्डरवर ते घेतले गेले. खर्च अवघा अडीच पौंड सांगतात. एडिंबरोच्या 'फास्ट प्रॉडक्ट' या छोट्या संस्थेने ती नमुन्याची फीत जशीच्या तशी १९७८ साली बाजारात आणली. १९८० साली या वृंदाने तेच गाणे चांगल्या स्टुडिओत, भरगच्च स्वरात पुन्हा घेतले. तरीही जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढले ते १९७८ चे कच्चे मुद्रणच. 'डेअर'च्या यशाची लाट त्याच्या पाठीशी होती, हे खरे. पण लाट काही दगडाला तरंगवीत नाही. त्या कच्च्या गाण्यात मुळातच काही होते.

आता या मताविरुद्ध काय म्हणता येईल तेही पाहू. पहिला आक्षेप आपल्या परंपरेतून येतो आणि तो वजनदार आहे. रियाज चार भिंतींत करावा, मैफल लोकांत करावी. गुरूने 'हं' म्हटल्याखेरीज शिष्याने व्यासपीठावर बसू नये, अशी आपली शिस्त आहे. मग अर्धेकच्चे गाणे लोकांपुढे ठेवणे हा उथळपणा नव्हे काय? या शिस्तीविषयी मला आदर आहे. परंतु तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे गुरू. चार भिंतींत शिष्य एकटा नसतो; समोर ऐकणारा, थांबवणारा, पुन्हा म्हणायला लावणारा कोणी तरी बसलेला असतो. वेअर आणि मार्श यांच्यापुढे तसे कोणीच नव्हते. त्यांनी वाजविलेले त्यांना परत ऐकविणारा टेपरेकॉर्डर, हाच त्यांचा गुरू होता. अशांच्या रियाजाची फीत ऐकताना आपण कोणाची शिस्त मोडत नसून त्यांच्या शाळेत डोकावत असतो.

दुसरा आक्षेप असा की, चाहत्यांचे प्रेम आंधळे असते; आवडत्या माणसाने खोकल्याची फीत काढली तरी ते ती विकत घेतील. असे चाहते असतात, नाही असे नाही. आणि त्यांच्या प्रेमावर दुकान चालविणारेही असतात. म्हणून मी येथे एक कसोटी सुचविते. कच्चे काम ऐकून जर आपल्याला पक्के काम अधिक समजू लागले, अथवा पक्क्या कामात जे हरवले ते सापडले, तर त्या ऐकण्याला अर्थ आहे. एरवी तो केवळ संग्रहाचा छंद. 'डेअर' हा अधिक घोटीव संग्रह आहे, हे मी मान्य करते. पण वेअरने पुढे १९८३ साली टीना टर्नरसारख्या थोर गायिकेच्या 'लेट्स स्टे टुगेदर' या गाण्याच्या निर्मितीत हात घातला, तेव्हा कोणता स्वर ठेवावा आणि कोणता गाळावा याची जी जाण त्याच्यापाशी होती, तिचे मूळ मला या खरखरीत फितींतच दिसते.

तिसरा आक्षेप संमतीचा. एखाद्याने टाकून दिलेले उचलून चारचौघांत मांडणे योग्य नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. कलावंताने नको म्हटले तर तेथे विषय संपला पाहिजे. चाहत्याचे प्रेम हा काही कुलूप फोडण्याचा परवाना नव्हे.

मुद्रण जपणारे आणि त्यावर प्रेम करणारे लोक नसले तर काय होते, याचे एक जवळचे उदाहरण देते. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षे वादक म्हणून काम केलेले चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंडच्याच नव्या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून एक तबकडी काढली. ती कच्ची फीत नव्हती, पुरे केलेले काम होते. तरीही त्या वेळी तिची फारशी दखल घेतली गेली नाही. परदेशातल्या एका शोधक संग्राहकाच्या हाती ती लागली, २०१० साली ती पुन्हा निघाली आणि जगभरचे लोक थक्क झाले. चरणजित सिंग २०१५ साली वारले. आपल्या कामाचे कौतुक त्यांना पाहता आले ते आयुष्याच्या शेवटच्या पाच वर्षांत. आणि ते आले कुठून, तर मुंबईबाहेरून, देशाबाहेरून. याचा आपण विचार करायला नको काय?

आता हे सारे महाविद्यालयाच्या वार्षिकात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्यासारख्या पुष्कळजणी येथे आहेत. ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, पेटी आहे, कोणी काका-मावशी लिहिणारी आहे, त्यांनी घडण्याची क्रिया घरातच पाहिलेली असते. बाबांनी कविता चारदा खोडली, आईची तान सहा महिने बसली नाही, हे त्यांना ठाऊक असते. आम्ही मात्र थेट तयार माल पाहतो. स्नेहसंमेलनात रंगमंचावर गाणारी मुलगी आम्हाला जन्मतःच तशी वाटते. मग आमच्यातली एखादी वहीच्या मागच्या पानांवर चार ओळी लिहिते, त्या छापील ओळींसारख्या दिसत नाहीत म्हणून पान फाडते, आणि 'हे आपले काम नव्हे' असे ठरवून मोकळी होते. गुणांची वाण असते म्हणून हे होत नाही. सुरुवात कशी दिसते, हे कोणी कधी दाखविलेले नसते म्हणून होते. शेफील्डच्या त्या फिती ऐकताना मला पहिल्यांदा वाटले की सुरुवात अशी दिसते. ती वेडीवाकडी असते, तिच्यात खरखर असते, आणि तरीही तिच्यात पुढचे सारे दडलेले असते.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली आपल्या भित्तिपत्रकाविषयी. तेथे सुवाच्य अक्षरातले निर्दोष लेखन लागते, ते लागावेच. पण महिन्यातून एकदा एक चौकट खर्ड्यांसाठी राखावी. ज्यांची संमती आहे अशा विद्यार्थ्यांचे, आणि शक्य तर आमच्या लिहित्या प्राध्यापकांचेही, खाडाखोडीसकट मूळ कागद तेथे लावावेत. सरांच्या कवितेतली एक खोडलेली ओळ आम्हाला दहा व्याख्यानांइतके शिकवील. दुसरी सूचना खोलीविषयी. संमेलनाच्या काळात एक महिनाभर पेटी-तबल्याची खोली उघडी असते आणि उरलेले अकरा महिने तिला कुलूप असते. आठवड्यातून दोन सायंकाळी ती उघडी ठेवावी. निवड नको, परीक्षक नको. ज्यांना काही वाजवून पाहायचे आहे त्यांनी यावे, आपल्याच मोबाइलवर मुद्रण करावे आणि परत ऐकावे. शेफील्डच्या नगरपालिकेने मुलांसाठी एक केंद्र चालविले, तेव्हा त्यातून पुढे काय निघेल हे तिला तरी कुठे ठाऊक होते?

त्या खोलीतून थोर संगीत निघेलच, असा माझा दावा नाही. बहुतेक मुद्रणे पुसली जातील, आणि ते योग्यच होईल. पण एखादी फीत कोणी तरी जपून ठेवील, आणि दोन वर्षांनी प्रथम वर्षात आलेली एखादी मुलगी ती ऐकेल. वरिष्ठांची सुरुवातही आपल्यासारखीच होती, एवढे तिला कळले तरी खोलीच्या किल्लीचे सार्थक झाले असे मी समजेन. प्राचार्यांनी आणि विद्यार्थी मंडळाने या सूचनांचा येत्या सत्रापूर्वी विचार करावा, अशी नम्र विनंती आहे.