आईचे रडणे आणि बाईचे काम

गेल्या हिवाळ्यात आमच्या संस्थेच्या खोलीत आम्ही 'लालबाग परळ' दाखवला. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरून महेश मांजरेकरांनी 2010 साली मराठी आणि हिंदीत केलेला हा चित्रपट. बहुतेक बायका आजरा, गडहिंग्लज, चंदगडकडच्या. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यांतले कितीतरी आमच्याच जिल्ह्यातल्या गावांचे होते. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. त्यामुळे त्याचा हिशेबही कधी पुरा झाला नाही.

चित्रपट वाईट आहे असे मी म्हणत नाही. गिरणी बंद पडल्यावर एक घर कसे आतून फाटत जाते, नरूसारखा पोरगा टोळीत कसा ओढला जातो, हे त्यात जीव तोडून सांगितले आहे. सीमा विश्वास यांची आई बघून मीही रडले. पण बायकांच्या वाट्याला काय आले ते बघा. आई सोसते, मुलगी फसते आणि शेजारची मामी चोरट्या नजरांसाठी पडद्यावर येते. रागावण्याचा, चुकण्याचा, ठरवण्याचा हक्क मुलग्यांना. संप पुरुषांचा, शोक तेवढा बाईचा!

माझे पुरुष मित्र म्हणतात, ही कामगारांची गोष्ट आहे, बायकांची गोष्ट वेगळी काढा. मग कामगार कोण होते? 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाचांतली एक व्यक्ती बाई होती. वाइंडिंग आणि रिळिंगची खाती त्यांचीच. रात्रपाळीची बंदी आली, 1929 साली बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला. हवेच होते ते कायदे. पण मालकांनी त्यांचीच सबब करून आणि नवी यंत्रे आणून बायकांना हळूहळू बाहेर काढले. उषाताई डांगे यांनी या बायकांना संघटित केले होते, हे आज किती कामगार कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

गिरणीबाहेर गेलेल्या बाईने काम थोडेच सोडले? तिने खानावळ चालवली. दहा-वीस गड्यांच्या दोन वेळच्या भाकऱ्या, महिन्याच्या उधारीवर. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते याच बायकांसाठी, सावकाराच्या हातून त्यांना सोडवायला. संपात उधारी थकली तेव्हा त्या अडीच लाखांची चूल कोणाच्या मंगळसूत्रावर पेटत होती?

चित्रपट संपल्यावर मागे बसलेल्या एक आक्का बोलल्या. परळला त्यांची खानावळ होती. संपाच्याच वर्षी धाकटे पोर तापाने गेले.

"ती बाई लई रडली बघा," आक्का म्हणाल्या. "मला न्हाई रडाय मिळालं. तिसऱ्या दिवशी पीठ मळाय बसले. अकरा गडी जेवणारे, पैसा एकाकडं न्हाई. त्यास्नी उपाशी कसं ठेवू?"

खोलीत कोणी काही बोलले नाही. हे दुःख चित्रपटात का मावत नाही? मला वाटते, त्यात बाई नुसती आई राहत नाही, संप चालवणारी होते, आणि ते कबूल केले की श्रेय वाटून द्यावे लागते.

घरांचेही तसेच आहे. 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर नाव होते, तोच घराला पात्र. म्हाडाची सोडत 2012 पासून होते आहे, अर्ज दीड लाखांवर. आक्कांना त्यात जागा आहे, पण मयत कामगाराची बायको म्हणून. खानावळवालीचा पट कुठल्या गिरणीत असतो? आमच्या गिरणी कामगार संघटना मोर्चात बायकांना पुढे बसवतात. त्यांनी आपल्या मागण्यांच्या यादीत खानावळवाल्यांचे एक कलम घालावे, निदान त्यांची नावे तरी लिहून घ्यावीत, एवढे मी जाहीरपणे मागते आहे.

आणि दुसऱ्यांवर तोंड टाकण्याआधी आपलेही सांगते. त्या रात्री मी आमच्याच सर्वेक्षणाचे जुने फॉर्म काढले. आक्कांच्या फॉर्मवर 'व्यवसाय' या शब्दापुढे माझ्याच अक्षरात 'गृहिणी' लिहिलेले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी ते गठ्ठे घेऊन पुन्हा गडहिंग्लजच्या एस.टी.त बसलो.