घरचा अभ्यास : पिंपातले गणित

दहावीतल्या मुलाला घनफळाचे सूत्र विचारा. तो घडाघडा म्हणून दाखवील. मोरीतल्या पिंपात पाणी किती मावते ते विचारा. तो आईकडे पाहील. आईला ठाऊक असते, दहा बादल्या. या दोघांची गाठ घालून देणे एवढेच पालकांचे काम, आणि त्याला शिकवणीची फी लागत नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, येत्या रविवारी मुलांच्या हाती मोजपट्टी द्या. दोनशे लिटरच्या पिंपाचा व्यास साधारण ५६ सेंटिमीटर, उंची ८५. म्हणजे त्रिज्या २८. बावीस सप्तमांश गुणिले २८ गुणिले २८ झाले २,४६४. त्याला ८५ ने गुणले की २,०९,४४० घनसेंटिमीटर. हजार घनसेंटिमीटरचा एक लिटर, म्हणून २०९ लिटर. मग २० लिटरच्या बादलीने पिंप भरून पाहावे. बादली काठोकाठ कोणी भरत नाही, त्यामुळे एखादी जास्त लागते. ती का लागली हे मुलांनाच शोधू द्यावे. आम्हांला तर सूत्रापेक्षा हा शोध मोलाचा वाटतो.

नळ त्रैराशिक शिकवतो. बादली ४ मिनिटांत भरते, तर तासात १५ बादल्या, ३०० लिटर. गळक्या तोटीखाली २०० मिलिलिटरचा पेला ठेवा. तो १० मिनिटांत भरला तर दिवसाला २८.८ लिटर, तीस दिवसांत ८६४. चार पिंपांहून अधिक पाणी गटारात! वायसरची किंमत मुलांनीच दुकानात विचारून यावी.

आता खरे गणित. शहराला माणशी रोज १३५ लिटर आणि २०१९ च्या जलजीवन मिशनप्रमाणे गावाला ५५ लिटर, हे सरकारी प्रमाण आहे. शहरातल्या पाच माणसांच्या घरात एक पिंप आणि १५ लिटरचे तीन हंडे आले, तर माणशी ४९ लिटर पडले. १३५ चे सुमारे ३६ टक्के. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा प्रश्न पाण्याला हात लावण्याचा होता. आज तो लिटरचाही आहे. अर्जात ‘पाणी कमी येते’ असे लिहिले तर तो फायलीत पडून राहतो. ‘४९ लिटर येते’ लिहिले की उत्तर द्यावे लागते. आम्ही स्वतः कारकून, म्हणून सांगतो.

वहीत आणखी एक आकडा घ्यावा. पाणी भरायला रोज पाऊण तास, म्हणजे आठवड्याला सव्वापाच तास. पुष्कळ घरांत हे तास मुलीच्या अभ्यासातून वजा होतात. भाऊ-बहीण दोघे असतील तर सव्वापाचला दोनाने भागावे, आणि उत्तर भावाने काढावे.